तांब्याची वाटी हाताने ठोकून कशी करायची: पत्रा कापण्यापासून मेण लावेपर्यंत

धातूची शोभेची वस्तू स्वतः करून बघायची असं बरेच जण म्हणतात आणि मग वेल्डिंग, भट्टी, ओतकाम वगैरे बघून घाबरून सोडून देतात. खरं तर सुरुवातीला यातलं काहीच लागत नाही. एक तांब्याचा गोल तुकडा, एक खड्डा केलेला लाकडाचा ओंडका, दोन हातोड्या, एक गोल डोक्याची ऐरण आणि एक गॅस टॉर्च, एवढ्यावर हातात धरून बघत बसावी अशी वाटी होते. मी गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी हेच करतोय आणि या लेखात सगळं क्रमाने सांगतो, म्हणजे माझं जे जे बिघडलं ते तुमचं बिघडायला नको.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. या कामात ताकद फार लागत नाही, कान लागतो. तांबं ठोकत गेलं की कडक होत जातं, आणि ते कडक झालं हे ते स्वतः आवाजाने सांगतं. तो आवाज ऐकून वेळेवर ताव दिला, म्हणजे तापवून परत मऊ केलं, तर तांबं कितीही वळवा, नाही तर फाटतं.

पत्रा कुठला

पहिली वस्तू तांब्याचीच करा. पितळ दिसायला छान पण ते लवकर कडक होतं आणि लालबुंद असताना ठोकलं किंवा घाईत पाण्यात टाकलं तर तडकतं. ॲल्युमिनियम मऊ आहे पण ते ६६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्याआधी लालही होत नाही, त्यामुळे किती तापलं ते डोळ्याला कळतच नाही, बघता बघता खाली गळून पडतं. तांबं १०८५ अंशांना वितळतं आणि मऊ व्हायला साधारण ५००-६०० अंश पुरतात, म्हणजे मधे भरपूर जागा आहे, चूक झाली तरी सांभाळून घेतं. आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, म्हणजे गॅल्वनाइज्ड, तो स्वस्तात मिळतो म्हणून चुकूनही तापवू नका, जस्ताचा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो.

जाडी १ मिमी घ्या. ०.५ मिमीचा पत्रा वळायला सोपा वाटतो पण त्याच्या कडेला लगेच चुण्या पडतात आणि नंतर मठारायला, म्हणजे हलके, जवळजवळ ठोके मारून पृष्ठभाग एकसारखा करायला, त्यात जीव राहत नाही. २ मिमी घेतला तर पहिल्याच दिवशी मनगट बोलायला लागेल. (अमेरिकेतला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा, जो १८८६ मध्ये उभा राहिला, तोही असाच तांब्याचे पत्रे ठोकून केलाय आणि एवढ्या अवाढव्य पुतळ्याचा पत्रा जेमतेम २.४ मिमी जाड आहे, म्हणजे वाटीला १ मिमी किती पुरेसा आहे बघा.) १२ सेंमी व्यासाची चकती कापायची, तिचं वजन साधारण १०० ग्रॅम भरतं आणि तिच्यातून अंदाजे १० सेंमी रुंद आणि ३ सेंमी खोल वाटी निघते.

हत्यारं, आणि हातोडीचं तोंड

ओंडका कुठल्याही कडक लाकडाचा चालेल पण उभा हवा, म्हणजे वर्षांची वर्तुळं वरून दिसली पाहिजेत, आडव्या लाकडाचे ठोक्याने ढलपे निघतात. वरच्या बाजूला गोल छिन्नीने ७-८ सेंमी रुंद आणि दीड सेंमी खोल असा उथळ खड्डा कोरायचा आणि पॉलिश पेपरने आतून गुळगुळीत करायचा. ओंडका कमरेच्या थोडा खाली येईल इतका उंच असला की खांदा दुखत नाही. ओंडका नाहीच मिळाला तर जाड कापडाची किंवा चामड्याची घट्ट शिवलेली वाळूची पिशवी पण चालते.

हातोड्या दोन. एक साधी बॉलपीन, ३०० ग्रॅमच्या आसपास, तिची गोल बाजू खोली आणायला वापरायची. दुसरी सपाट तोंडाची पण तोंड किंचित फुगीर असलेली, २०० ग्रॅमची चालेल, ती मठारायला. शिवाय लाकडी किंवा नायलॉनची मोगरी असली की कडा सरळ करता येते.

आता इथे थोडं थांबून सांगतो कारण हे कोणी सांगत नाही. नवीन हातोडीचं तोंड बोटाने चाचपून बघा आणि मग उजेडात तिरकं धरून बघा, त्यावर मशीनचे बारीक चरे दिसतील. तो प्रत्येक चरा तुमच्या वाटीवर प्रत्येक ठोक्याला उमटणार आहे, आणि वाटीवर हजारभर ठोके पडतात. म्हणून आधी हातोडी तयार करायची, वाटी नंतर. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करा, सपाट तोंडाच्या हातोडीच्या कडेची धार पूर्ण मारून गोल करा, कारण तीच धार चंद्रकोरीसारखे वार उमटवते, मग ४००, मग ८००, मग १२००, प्रत्येक वेळी आधीच्या चऱ्यांना आडवं घासायचं म्हणजे जुने चरे गेले की नाही ते दिसतं. शेवटी चामड्याच्या तुकड्यावर पॉलिशची वडी लावून घासा. तोंडात तुमच्या बोटाचं प्रतिबिंब स्पष्ट दिसलं की झालं. यात दोन तास जातात, जाऊ द्या. आणि त्या हातोडीने परत कधी खिळा ठोकायचा नाही, घरातल्या कोणाला ठोकूही द्यायचा नाही.

मठारायला खाली स्टीलची गोल डोक्याची ऐरण लागते. तयार मिळाली तर उत्तम, नाही तर जाड दांड्यावर बाहेरून वेल्ड करून घेतलेला स्टीलचा भरीव गोळा व्हाइसमध्ये घट्ट पकडला तरी काम होतं. फक्त त्याचं वळण वाटीच्या वळणापेक्षा थोडं जास्त गोल असावं, पसरट नको, आणि तोही हातोडीसारखाच आरशासारखा पॉलिश केलेला हवा, कारण वाटीची आतली बाजू त्यावर टेकणार आहे.

तापवायला प्रोपेन किंवा एलपीजीवर चालणारा, रुंद ज्योतीचा टॉर्च घ्या. किचनमध्ये वापरतात तो लहान ब्यूटेन टॉर्च इथे कमी पडतो, तांबं उष्णता इतक्या पटकन पसरवतं की एका टोकाला तापवावं तर दुसऱ्या टोकाने निघून जाते. खाली आणि मागे अग्निरोधक विटा मांडा, त्या उष्णता परत फेकतात म्हणून काम लवकर होतं. साधी बांधकामाची वीट किंवा काँक्रीट नको, ओलसर असेल तर फुटून उडतं. जवळ पाण्याची बादली, लांब सांडशी, डोळ्यावर चष्मा, कानाला मफ, अंगात सुती कपडे. सिंथेटिक कपडा वितळून कातडीला चिकटतो. खिडक्या उघड्या, आणि टॉर्च चालू असताना फोन उचलायचा नाही.

चकती

पत्र्यावर कंपासने १२ सेंमीचं वर्तुळ काढा, मध्यबिंदू पंचने अगदी हलका टोचून ठेवा, तो शेवटपर्यंत लागतो. पत्र्याच्या कात्रीने कापताना कात्रीची पाती पूर्ण मिटू द्यायची नाहीत, टोकाशी मिटली की तिथे दात पडतो. रेषेच्या बाहेरून २ मिमी सोडून कापा आणि मग कानशीने रेषेपर्यंत या. कापल्यावर कडेला जी बारीक धारदार कुसळं राहतात ती दोन्ही बाजूंनी कानस आणि पॉलिश पेपरने पूर्ण काढा, कड हलकी गोल करा. हे हात कापू नये म्हणून तर आहेच पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कडेला राहिलेला छोटासा दात हीच पुढे चीर सुरू व्हायची जागा असते. शेवटी मध्यापासून १-१ सेंमीवर पेन्सिलीने वर्तुळं आखून घ्या.

ताव देणं

बाजारातून आणलेला पत्रा बहुतेक वेळा अर्धवट कडक असतो, म्हणून पहिला ठोका मारायच्या आधीच एकदा ताव द्यायचा. इंग्रजीत याला अनीलिंग म्हणतात. होतं काय तर ठोकल्यावर धातूच्या आतल्या कणांची रचना विस्कटते, कणांना एकमेकांवरून सरकायला जागा राहत नाही आणि धातू अडून बसतो. तापवलं की नवीन, मोकळे कण तयार होतात आणि तांबं परत पहिल्यासारखं मऊ होतं. हे कितीही वेळा करता येतं.

खोलीत अंधार करा, निदान पडदे तरी ओढा, कारण उन्हात लाल रंग दिसत नाही आणि आपण तापवत बसतो. चकती विटांवर ठेवून ज्योत सतत गोल फिरवत ठेवा, आधी कडेने मग मध्ये, एका जागी थांबायचं नाही. सुरुवातीला पत्र्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग धावतात, मग तो काळपट होतो आणि मग अंधारात अगदी मंद, गडद लालसर उजेड दिसायला लागतो. तो सगळ्या चकतीवरून एकदा फिरला की बस. भडक केशरी होईपर्यंत नेलं तर आतले कण फार मोठे होतात आणि पुढे ठोकताना पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत येतो.

लाली गेली की सांडशीने उचलून पाण्यात टाका. इथे पुष्कळ जण गोंधळतात कारण स्टील तापवून पाण्यात टाकलं की कडक होतं असं ऐकलेलं असतं. तांब्याचं तसं नाही, पाण्यात टाका किंवा हवेत गार होऊ द्या, ते मऊच राहतं, पाण्यात टाकल्याचा फायदा एवढाच की वेळ वाचतो आणि काळा पापुद्रा थोडा सुटतो. वाफेपासून चेहरा लांब ठेवा.

उरलेला काळा थर काढायला एक लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून त्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं. काचेचं किंवा प्लास्टिकचं भांडं वापरा, लोखंडी चिमटा त्यात बुडवू नका. आणि गरम तुकडा थेट त्या ॲसिडमध्ये कधीही टाकायचा नाही, आधी साध्या पाण्यात गार करायचा, नाही तर ॲसिडची वाफ नाकातोंडात जाते. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून धुवा आणि पुसून कोरडं करा. काळा थर तसाच ठेवून ठोकलं तर त्याचे कण तांब्यात रुततात, ते नंतर निघत नाहीत.

आता मऊ झालेली चकती बोटांनी जरा वाकवून बघा. आधीचा पत्रा आणि हा पत्रा यातला फरक पहिल्यांदा हाताला कळतो तेव्हा फार आनंद होतो, जणू जाड पुठ्ठा हातात आहे असं वाटतं.

खोली आणणं

चकती खड्ड्यावर अशी तिरकी धरा की कडेपासून १ सेंमी आतला भाग खड्ड्याच्या वर येईल. बॉलपीनच्या गोल बाजूने ठोका मारा, चकती थोडी फिरवा, पुढचा ठोका, असं पूर्ण वर्तुळ. हातोडी जागच्या जागी पडते आणि फिरते ती चकती, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. ठोके एकमेकांना अर्धे झाकतील इतके जवळ हवेत. मग पुढचं पेन्सिलचं वर्तुळ, मग पुढचं, असं करत मध्यापर्यंत. मध्यावर अगदी हलकं, तिथे पत्रा सगळ्यात जास्त ताणला जातो आणि पातळ होतो.

पहिल्या फेरीत कड लाटेसारखी वरखाली होणार, ते बरोबर आहे. पण लाट दिसली की तिथेच थांबून ओंडक्याच्या सपाट भागावर कड ठेवून मोगरीने ती बसवून टाका. लाटेची घडी झाली आणि ती एकमेकांवर दुमडली तर परत उलगडत नाही, तिथेच फाटते.

आता तो आवाज. ताव दिलेल्या तांब्यावर ठोका मारला की बद्द आवाज येतो, जाड गोधडीवर थाप मारल्यासारखा, आणि हातोडी पडली की तिथेच बसते. एक फेरी पूर्ण होईपर्यंत आवाज चढायला लागतो, दुसऱ्या फेरीत तो खणखणीत होतो, हातोडी उडी मारून परत येते, आणि तेवढ्याच जोराच्या ठोक्याने आधीपेक्षा कमी खोली येते. या तीन गोष्टी एकत्र झाल्या की हातोडी खाली ठेवायची आणि टॉर्च उचलायचा. जोर वाढवायचा नाही!

मी नेमकं हेच केलं नव्हतं. माझी दुसरी वाटी छान आकाराला आली होती, संध्याकाळ झाली होती, एवढी एकच फेरी राहिली म्हणून परत टॉर्च पेटवायचा कंटाळा केला. आवाज चांगला वाजत होता, मला ऐकू येत होता, तरी मारत राहिलो आणि कडेपासून दीड सेंमी आत सरळ चीर गेली. दोन सुट्ट्यांचं काम होतं ते. त्यामुळे आता नियम ठेवलाय की प्रत्येक एक-दीड फेरीनंतर ताव, शंका असेल तर ताव, आणि दिवस संपवताना वाटी मऊ करूनच ठेवायची म्हणजे दुसऱ्या दिवशी थेट ठोकायला घेता येते. ३ सेंमी खोलीच्या वाटीला चार-पाच वेळा तरी ताव लागतोच.

चीर पडलीच तर वाटी टाकू नका. लहान असेल तर चिरेच्या खालपर्यंत सगळी कड कापून काढा, वाटी जरा उथळ होईल पण वाचेल. मोठी असेल तर चिरेच्या आतल्या टोकाला दीड मिमीचं भोक पाडा, चीर तिथे थांबते, आणि ती तशीच कानशीने रुंद करून पानाच्या खाचेसारखा आकार देता येतो.

मठारणं

खोली मनासारखी आली की वाटी खड्ड्यांनी भरलेली, ओबडधोबड दिसत असते. शेवटचा ताव द्या, स्वच्छ करा, बाहेरच्या बाजूने मध्यापासून परत पेन्सिलची वर्तुळं आखा आणि वाटी गोल ऐरणीवर उपडी घाला. आता सपाट पण किंचित फुगीर तोंडाच्या हातोडीने मध्यापासून बाहेर जायचं.

इथे जोर शून्य. कोपर अंगाला टेकवा, फक्त मनगट, हातोडी १० सेंमीवरून स्वतःच्या वजनाने पडू द्या. खरी मेख अशी की ठोका पडतो त्या जागी वाटी आतून ऐरणीला टेकलेली असली पाहिजे. टेकली असेल तर आवाज टणक आणि भरीव येतो, पोकळी असेल तर डबा वाजवल्यासारखा येतो आणि तिथे खळगा पडतो. मी आधी हातोडीने नुसतं टिचकी मारल्यासारखं वाजवून टेकलेली जागा शोधतो, ती सापडली की हात तिथेच ठेवून वाटी खालून फिरवत राहतो. प्रत्येक ठोक्याने एक लहानसा चकचकीत डाग उमटतो, पुढचा डाग त्याला खेटून, रांगेने. पहिल्या दोन वर्तुळांत डाग वेडेवाकडे येतील, तिसऱ्या-चौथ्यापर्यंत हाताला लय सापडते. तासाभराने वाटी उजेडात फिरवली की शेकडो डागांवरून प्रकाश धावतो, आणि हे तेज नुसत्या पॉलिशने कधीच येत नाही. मठारल्यावर परत ताव द्यायचा नाही, आता जो कडकपणा आलाय तोच वाटीचा आकार टिकवणार आहे.

कड समान करायला वाटी टेबलावर उपडी ठेवून कडेच्या ज्या जागा टेबलाला टेकतात त्यांवर मार्करने खूण करा, त्या कानशीने उतरवा, मग सपाट दगडावर पॉलिश पेपर ठेवून वाटी उपडी घासा. कडेला नक्षी हवी असेल तर मोठ्या खिळ्याचं टोक कानशीने गोल करून पॉलिश केलं की झाला पंच, लाकडावर कड टेकवून समान अंतरावर ठिपके उठवा. अंतर आधी मार्करने आखून घ्या, नजरेने मारलेले ठिपके शेवटी जुळत नाहीत. पान-फुलांची उठावाची नक्षी करायची तर वाटीत राळेचं मिश्रण भरावं लागतं, ते पुढच्या वस्तूला करा, पहिल्या वाटीवर तो भार नको.

रंग आणि मेण

तांबं तसंच ठेवलं तर काही आठवड्यांत आपोआप तपकिरी होतं आणि मला तेच सगळ्यात आवडतं. लवकर गडद हवं असेल तर उकडलेलं अंडं गरम असतानाच कुस्करून एका बंद डब्यात वाटीशेजारी ठेवा, वाटीला लागू न देता. अंड्यातून निघणाऱ्या गंधकाच्या वायूने तांब्यावर तपकिरी ते काळपट थर चढतो. दर अर्ध्या तासाने बघा, हवा तितका रंग आला की काढून धुवा. मग अगदी बारीक पॉलिश पेपरने वरवर घासलं की मठाराचे उंच भाग उजळतात आणि खोलगट भाग गडद राहतात.

हिरवा-निळा रंग हवा असेल तर वाटी मिठाच्या पाण्याने ओली करून बंद डब्यात, खाली अमोनियाची लहान बशी ठेवून, वाटी तिला न टेकवता एक दिवस ठेवतात. हे घराबाहेरच करा, डबा उघडताना तोंड लांब ठेवा आणि अमोनियाच्या आसपास ब्लीच अजिबात आणू नका, दोन्ही मिसळले तर विषारी वायू होतो. (वर सांगितलेला पुतळाही सुरुवातीला तांबूसच होता, हवेने काही दशकांत हिरवा झाला.) हा हिरवा थर भुकटीसारखा असतो, हाताला लागतो, आणि पोटात गेलेला चांगला नाही. एकंदरीतच आतून कल्हई केलेली नसेल तर या वाटीत आंबट काही ठेवायचं नाही, ती शोभेचीच राहू द्या.

शेवटी रंग पक्का करायला वाटी हाताला सोसेल इतकीच गरम करा, हेअर ड्रायर पुरतो, आणि मऊ सुती कापडाने मधमाशीच्या मेणाचा अगदी पातळ हात फिरवा. गार झाल्यावर दुसऱ्या कोरड्या कापडाने चोळा. मेण जाड लागलं तर त्यावर धूळ बसते आणि मठाराच्या डागांत पांढरी रेघ राहते, तसं झालं तर परत जरा गरम करून जास्तीचं पुसून घ्या. वर्षातून एकदा असा हात फिरवला की पुरे, आणि वाटीच्या तळाला तारीख आणि एक नंबर बारीक पंचने मारून ठेवा, माझ्या चिरेवाल्या वाटीवर २ लिहिलंय आणि ती अजून कपाटात पुढच्याच रांगेत असते.